नावाखालची वेल

"हे भांडं आमच्याकडचं नाही, आज्जी," मी म्हणालो.

"मी कुठं म्हणतीया तुझ्याकडचं हाय? माझं हाय. नाव घालून दे."

रखमाक्कानं पिशवीतून काढलेला स्टीलचा तांब्या माझ्यापुढं टेबलावर ठेवला आणि स्वतः दुकानाच्या पायरीवर बसली. पलीकडच्या वाडीची म्हातारी. दर बुधवारी बाजाराला यायची, कोथिंबीर-मेथी विकायची आणि जाताना आमच्या पायरीवर घटकाभर टेकायची. तांब्याच्या बुडाला लेबल तसंच होतं. 'चकाचक स्टील'. बघून माझं टाळकं सरकलं.

"जिथनं घेतला तिथंच घाला की नाव. फुकट घालतात ते."

"तिथं गर्दी हाय. आन् ती पोरं लई हसत्यात."

"हसायला काय झालं? काय नाव घालायचंय?"

म्हातारीनं इकडं तिकडं बघितलं. दुकानात बघण्यासारखं कुणी नव्हतं. गादीवर अण्णा, म्हणजे माझे वडील, डोळे मिटून बसले होते. माझी बायको वृषाली माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि मागं उभी राहून पातेल्यांवरची धूळ पुसत होती. बुधवार, भर बाजाराचा दिवस, दिवाळी तीन आठवड्यांवर, आणि आमच्या दुकानात धूळ पुसायला सवड होती.

"सुंदरा," रखमाक्का हळूच म्हणाली. म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

"ही कोण? नात का?"

"मी."

"तुम्ही रखमाक्का ना?"

"ते हितलं. लग्नात ठिवलेलं. माझ्या सासूचं नाव बी सुंदरा व्हतं. एका घरात दोन सुंदरा कशा चालतील? मग मला रखमा केली." तिनं तांब्यावरून हात फिरवला. "सासू गेली, मालक बी गेलं. आता म्हनलं, एका भांड्यावर असू दे."

मला कंटाळा आला होता, हे खरं सांगतो. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून वृषाली म्हणाली, "अहो, घाला ना."

मी मशीन सुरू केलं. नाव घालायचं मशीन म्हणजे हातात पेनासारखी धरायची सुई, ती टर्र करत भांड्यावर बारीक ठिपके मारते आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. 'सुंदरा' एवढंच घातलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवर बोट फिरवून बघितलं, मग वृषालीला विचारलं, "हेच हाय न्हवं?" वृषाली तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि तिचं बोट धरून एकेका अक्षरावर नेत म्हणाली, "हा सुं. हा द. हा रा." म्हातारीचे डोळे भरून आले. मी मशीनची वायर गुंडाळण्यात लक्ष घातलं.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं होतील. तेव्हा मी बत्तीसचा होतो. आमचं 'वेळापुरे भांडी भांडार' शिरसगावात माझ्या आजोबांपासूनचं. तांब्या-पितळेच्या काळात जोरात होतं, स्टील आल्यावर त्यातही बरं चाललं. मग स्टँडसमोर पोपटशेठनं 'चकाचक स्टील' काढलं. तीन मजली. दारात भोंगा, प्रत्येक खरेदीवर कूपन, कूपनवर बादली, नाहीतर डबा, नाहीतर चमचा. त्याचा भाव आमच्या खरेदीच्या भावाएवढा. गिऱ्हाईक तिकडं गेलं, आणि मी तरी त्याला काय दोष देणार?

अण्णांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पेंटरकडून पाटी करून आणली होती, 'दुकान भाड्याने देणे आहे'. दाराच्या मागं भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. एक औषधवाला जागा बघून गेला होता. दिवाळी झाली की पाटी बाहेर. आणि माझं काय? मला भांडी विकणं आणि भांड्यांवर नावं घालणं सोडून काही येत नव्हतं. पोपटशेठ एकदा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "यशवंता, तुझं अक्षर चांगलं आहे. ये माझ्याकडं, नाव घालायला बस. पंख्याखाली बसवीन." माणसं हसली. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

माझं अक्षर खरोखरच चांगलं होतं. त्याहून नावाजलेली होती माझी वेल. नावाखाली पाच पानांची, एका कळीची वेल मी घालायचो, ती पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. ती मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या लग्नातल्या भांड्यांवर घातली. एकावन्न भांडी, प्रत्येकावर 'सौ. वृषाली यशवंत वेळापुरे' आणि खाली वेल. घरी येणारी प्रत्येक बाई पाणी पिऊन झालं की तांब्या फिरवून बघायची आणि म्हणायची, नवऱ्यानं हौसेनं घातलीय हो. वृषाली तांब्या परत घ्यायची आणि आत जायची. बोलायची काही नाही. मला वाटायचं, लाजते.

रखमाक्का गेली आणि वृषाली पायरीवरून उठली ती सरळ अण्णांच्या गादीपुढं जाऊन उभी राहिली. आठ वर्षांत ती अण्णांशी 'जेवायला वाढलंय' आणि 'गोळी घेतली का' यापलीकडं फारसं बोलली नव्हती.

"अण्णा, एक पाटी लावू या का?"

अण्णांनी डोळे उघडले. "पाटी तयार आहे, बाळ."

"ती नाही. अशी, की भांडं कुठल्याही दुकानातलं आणा, जुनं आणा, नवं आणा. बाईचं माहेरचं नाव आम्ही फुकट घालून देऊ."

मला ठसकाच लागला. "दुसऱ्याच्या दुकानातली भांडी? अगं, वीज आपली, सुई आपली, हात माझा, आणि गल्ला पोपटशेठचा? लोक वेड्यात काढतील."

"सध्या काय म्हणतात?" तिनं शांतपणे विचारलं.

मी अण्णांकडं बघितलं.

"भांडी सगळेच विकतात," ती अण्णांनाच सांगत राहिली. "भावात आपण त्यांना पुरे पडणार नाही. बादली देऊ म्हटलं तर ते पिंप देतील. पण घरातल्या सगळ्या भांड्यांवरची नावं बघा. देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, सासऱ्याचं, दिराच्या मुलाच्या बारशाचं. बाईला कुणी विचारलंय का कधी, तुला काय घालायचंय म्हणून? ती रखमाक्का भाजीची पाटी डोक्यावर घेऊन आख्खा बाजार ओलांडून इथवर आली. तांब्यासाठी नाही आली."

"आली आणि गेली," मी म्हणालो. "घेतलं काय तिनं?"

"आज नाही घेतलं."

अण्णांचा स्वभाव तडकाफडकी नाही म्हणण्याचा. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बुधवार किती उरलेत?"

"आजचा सोडून दोन. आणि एक भाऊबीजेच्या आदल्या दिवशीचा."

"तीन. तीन बुधवार कर तुला काय करायचं ते. तिसऱ्या बुधवारी संध्याकाळपर्यंत दुकानात जीव दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी माझी पाटी बाहेर. मग रडायचं नाही."

"नाही रडणार."

मी मात्र चिडलो होतो. घरी गेल्यावर म्हणालो, "माझी इज्जत काढायचीच राहिली होती." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमचं मशीन आतल्या कोपऱ्यात आहे, ते दारात आणा. आणि एक सतरंजी लागेल." एवढंच.

पहिला बुधवार सांगण्यासारखा नाही. वृषालीनं खडूनं पाटी लिहून दारात टेकवली, सतरंजी अंथरली, पाण्याची कळशी भरून ठेवली आणि हातात वही घेऊन बसली. बाया यायच्या, पाटी वाचायच्या, हसायच्या आणि पुढं जायच्या. एक बाप्या म्हणाला, "नावं कसली घालताय, बुडीत दुकानाचं तेरावं घाला." दिवसभरात चार बाया बसल्या. चारीजणींची भांडी चकाचकची. मी चार नावं घातली आणि चार वेली घातल्या. अण्णांनी डोळे उघडलेच नाहीत. एका वाटीची विक्री झाली.

पण त्या चौघी कशा बोलल्या, ते मला आठवतंय. नाव मला सांगायच्या नाहीत. वृषालीच्या कानाशी तोंड नेऊन सांगायच्या, जणू काही चोरीचा माल आहे. ती वहीच्या कागदावर लिहायची, कागद फाडून माझ्याकडं द्यायची. एकीला नाव सांगता सांगता स्वतःचंच हसू आवरेना. "पंचवीस वर्षांत कुणी हाक मारली नाही हो त्या नावानं. माझंच आहे की नाही, असं वाटायला लागलंय."

दुसऱ्या बुधवारी आमचं नशीब उघडलं ते पोपटशेठच्या कृपेनं. त्याला वाटलं, हा वेळापुरे खुळा झालाय, तर त्याचा फायदा घ्या. त्यानं स्वतःचा नाव घालणारा माणूस काउंटरवर माल काढायला लावला आणि भोंग्यावरून सांगायला सुरुवात केली, "खरेदी इथं करा, नाव फुकट वेळापुरेंकडं घाला!" मला तो भोंगा दुकानात बसून ऐकू येत होता. कान तापले. मशीन उचलून घरी न्यावं असं वाटलं.

"बसा," वृषाली म्हणाली. "ते आपली जाहिरात करतायत. भोंग्याचं भाडंसुद्धा आपण देत नाही."

आणि तिचं खरं निघालं. अकरा वाजता सतरंजी भरली. बाराला पायरी भरली. शिरसगावच्या बाजारात त्या दिवशी ज्या बाईनं भांडं म्हणून घेतलं, ती प्रत्येक बाई आमच्या दुकानात येऊन बसली. नंबर यायला अर्धा तास. अर्धा तास भांड्यांच्या दुकानात बाई नुसती बसेल का? एक उठून डबे बघायची, दुसरी झाकणं लावून बघायची, तिसरी म्हणायची, ह्याच्या मापाचा चहाचा गंज दाखवा. अण्णा गादीवरून उठले. त्यांना माल काढून दाखवताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं.

एक सासू-सून आल्या होत्या. सुनेनं कानात सांगितलं. सासू म्हणाली, "काय गं एवढं कुजबुजायचं? नाव हाय का मंतर?" मग स्वतःच वृषालीच्या जवळ सरकली. "माझं बी लिव्ह." तिनं पण कानातच सांगितलं. सून बघतच राहिली. सोळा वर्षं एका चुलीपाशी काढलेल्या बाया, एकमेकींचं नाव त्या दिवशी भांड्यांवरून कळलं. जाताना दोघींनी मिळून एक नवं पातेलं घेतलं.

दुपारी मात्र भडका उडाला. एक माणूस ताट हातात घेऊन तरातरा आला. चाळिशीचा, पांढरा पायजमा, कपाळाला आठ्या. मागं त्याची बायको, खाली मान घालून.

"कोण घालतंय नावं?" त्यानं ताट टेबलावर आपटलं. "हे काय 'शेवंता'? कोण शेवंता? माझ्या घरात माझ्या बापाचं नाव भांड्यावर लागतं. खोडून द्या."

"ठिपके खोडता येत नाहीत," मी म्हणालो. हे सांगताना माझा आवाज का पडला, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटलं.

अण्णा पुढं येऊ लागले, पण वृषाली आधी उठली.

"भाऊ, बसा. पाणी घ्या." तिनं तांब्या पुढं केला. "तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?"

"आईचं? अनसूया."

"ते सासरचं की माहेरचं?"

माणसानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तो आठवत होता, सगळ्यांना दिसत होतं. कपाळावरच्या आठ्या हळूहळू निघाल्या. "आई जाऊन बारा वर्षं झाली," तो म्हणाला. "मी कधी विचारलंच नाही."

त्यानं पाणी प्यायलं. जराशानं म्हणाला, "बहिणीचं माहीत आहे. सासरी ती शालिनी आहे. आमची ती बकुळा. अजून बकुळाच म्हणतो मी." मग टेबलावरचं ताट उचलून त्यानं बायकोच्या हातात दिलं. "असू दे तुझं. अण्णा, एक चांगली कळशी काढा. भाऊबीजेला जायचंय तिच्याकडं. वर बकुळा घाला, आणि ती खालची वेल पण घाला."

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. मी अण्णांकडं बघितलं. तिघांनाही एकाच वेळी उमगलं. माहेरचं नाव बाईच्या सासरी कुणाच्या ओठावर नसतं, पण भावाच्या असतं. आणि भाऊबीज आठ दिवसांवर होती. बाई जुनं भांडं आणणार, भाऊ नवं घेणार.

संध्याकाळी सतरंजी झटकताना एका बाईनं वृषालीला विचारलं, "एवढ्या जणींची नावं लिहिलीस. तुझं गं काय?"

"माझ्याकडं भांडी भरपूर आहेत," वृषाली म्हणाली आणि सतरंजीची घडी घातली.

मला तिचं नाव माहीत होतं. पत्रिकेत होतं, तिचा भाऊ यायचा तेव्हा ऐकलं होतं. पण आठ वर्षांत माझ्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तिसऱ्या बुधवारापर्यंत पाटीवर एक ओळ वाढली होती. 'भाऊबीजेला बहिणीला तिच्या स्वतःच्या नावाचं भांडं द्या.' दुकान उघडायच्या आधीच बाहेर माणसं. सगळे बाप्ये. शेतकरी, मास्तर, एसटीचा कंडक्टर, एक तर फौजदारसाहेब, बहिणीचं नाव सांगताना लाजून लाल झालेले. काय एकेक नावं. चिंगी, ठकू, सोनसाखळी. भावांच्या तोंडात ती नावं अशी मऊ व्हायची की ऐकत राहावं. पोपटशेठनं तोवर शहाणपणानं भोंगा फिरवला होता, तोही 'माहेरचं नाव फुकट' ओरडत होता. पण त्याच्याकडं काउंटरवर चार पोरं उभी, नाव मोठ्यांदा विचारायची आणि मोठ्यांदा हसायची. बाया तिथं जाईनात. आमच्याकडं कानात ऐकून घेणारं माणूस होतं, ते त्याला तीन मजल्यांत कुठंच ठेवता आलं नाही.

चार वाजता कळशा संपल्या. पाचला तांबे संपत आले. अण्णांनी दारामागची पाटी बाहेर काढली तेव्हा माझी सुई थांबली. त्यांनी ती उलटी करून माझ्या टेबलाला टेकवून ठेवली, कोऱ्या बाजूनं. म्हणाले, "उद्या पेंटरला बोलव. खडूची पाटी पावसात टिकायची नाही. आणि औषधवाल्याला सांग, दुसरी जागा बघ म्हणावं." मग वृषालीकडं वळले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. "दमलीस ना," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

दिवेलागण झाली होती. दुकानात आम्ही दोघंच. मला इतका आनंद झाला होता, की मी एरवी केलं नसतं ते केलं.

"तू पण एक भांडं आण," मी म्हणालो. "घरातलं आण, नाहीतर इथलं घे. तुझं नाव घालतो. अशी वेल घालतो, की..."

दिवसभर बायांना पाणी द्यायला घरून आणलेला तांब्या तिनं उचलला, पदरानं पुसला आणि दिव्याखाली माझ्यासमोर धरला. आमच्या लग्नातल्या एकावन्नांतला. 'सौ. वृषाली यशवंत वेळापुरे.' खाली पाच पानं, एक कळी.

"वेलीखाली तारीख आहे," ती म्हणाली. "बारा पाच अठ्ठ्याऐंशी. आपलं लग्न डिसेंबरात झालं."

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकतो. माझ्या बायकोचं माहेरचं नाव मैना. मैनाच्या आधी माझं एका मुलीशी ठरलं होतं. साखरपुडा झाला होता. लग्नानंतर तिचं नाव वृषाली ठेवायचं, हे तिनं आणि मी मिळून ठरवलं होतं. भांडी दुकानातलीच, नावं मीच घातली, तारखेसकट. लग्नाला पंधरा दिवस असताना तिच्या घरच्यांना नोकरीवाला मुलगा मिळाला आणि त्यांनी मोडलं. सात महिन्यांनी मैनाचं स्थळ आलं. अण्णा म्हणाले, "नाव घातलेली एकावन्न भांडी मोडीत घालू का? नावच ठेवायचंय ना, हेच ठेव." आणि मी ठेवलं. तारखेचं काय करायचं, म्हणून दोन दिवस बसून एकावन्न वेली घातल्या. अशी निघाली माझी ती नावाजलेली वेल. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वृषाली' लिहिताना तिनं हळूच विचारलं होतं, "हेच का?" मी म्हणालो होतो, "मला आवडतं."

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"पहिल्या दिवाळीला. चिंच लावून घासत होते. कडेला उन्हात आकडे दिसले. मग बाकीची पन्नास पण बघितली."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"वाट बघितली. म्हटलं, तुम्ही सांगाल. तिचा राग नाही. तुमचा पण नाही आता फारसा. पण रोज दोन वेळा मी दुसरीचं नाव घासून लख्ख करते, अहो. रखमाक्कानं तांब्या पुढं ठेवला तेव्हा मला कळलं, मी एकटी नाही. अशा किती असतील."

मला तोंड वर करता येईना. "चुकलं माझं," मी म्हणालो. "फार चुकलं." एवढंही मी आठ वर्षांत म्हणालो नव्हतो.

मी तिच्या हातातला तांब्या घेऊ लागलो. तिनं दिला नाही.

"ह्याच्यावर नको. हा तिचा आहे. नवीन काढा."

मांडणीवर एकच तांब्या उरला होता. मी तो घेतला, पुसला, मशीन लावलं. हजारो नावं घातली होती त्या हातानं, पण हे पहिल्यांदाच घालत होतो. 'मैना.' सौ. नाही, माझं नाव नाही, आडनाव नाही. पहिल्या अक्षरावरची एक मात्रा वाकडी गेली.

"बिघडलं," मी म्हणालो. "उद्या माल आला की दुसरा करतो."

"राहू दे."

"वेल घालू?"

"नको," मैना म्हणाली. "इथं झाकायचं काही नाही."

आज आमची चार गावांत चार दुकानं आहेत. चारही ठिकाणी दारात मशीन आहे, सतरंजीची बाकडी झाली आहेत आणि बाकड्यावर कानात ऐकून घेणारी एक बाई आहे. धंद्याची माणसं भेटली की विचारतात, ही कल्पना सुचली कुणाला? मी सांगतो, बायकोला. कशी सुचली, ते मात्र आज पहिल्यांदा सांगतोय, तिला विचारून.

त्या संध्याकाळी तिनं तो तांब्या पदरात धरून घरी नेला. अण्णा ओट्यावर बसले होते. तिनं त्यातूनच त्यांना पाणी दिलं. त्यांनी पाणी प्यायलं, सवयीनं तांब्या फिरवून बघितला, डोळ्यांजवळ नेऊन अक्षरं लावली. मग रिकामा तांब्या तिच्या हातात देत म्हणाले, "अजून थोडं आण, मैना."